मध्यरात्रीचं नागपूर आणि वर्ध्याचं आकाश

वर्धा जिल्ह्यात विमानतळ नाही. सोनेगावचा विमानतळ इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि आमच्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य माणसांचा विमानाशी संबंध मान वर करून पाहण्यापुरताच राहिला आहे. तरीही महाराष्ट्रातल्या विमानवाहतुकीचा इतिहास वर्ध्यातून बघावा, असं मला वाटतं. मुंबईतून बघितला की तो टाटा, जुहू आणि सांताक्रूझपाशी संपतो. पुण्या-नाशकातून बघितला की वायुसेना आणि मिग कारखान्यापाशी थांबतो. वर्ध्यातून बघितलं की एक वेगळाच प्रश्न समोर येतो : आकाश सगळ्यांचं असतं म्हणतात, मग जमिनीवरच्या कुणाला त्याचा उपयोग झाला? आणि तो कधी झाला, कशामुळे झाला?

हा प्रश्न आमच्या मातीला नवीन नाही. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली, तेव्हा ती वर्ध्यावरून गेली. वर्धा शहराची आखणी त्याच्या आदल्याच वर्षी, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी झाली होती. रेल्वे आली ती हिंगणघाटच्या आणि वऱ्हाडच्या कापसासाठी. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. माणसं त्या गाडीत नंतर बसली. विमानाचंही तसंच झालं. आधी टपाल, मग युद्ध, मग व्यापार, आणि या सगळ्यातून जागा उरली तर सामान्य माणूस.

चौपाटीवरचं विमान आणि एकच तागडी

महाराष्ट्रातल्या विमानाचा विषय काढला की दहातले पाच जण शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव घेतात. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं सांगितलं जातं. त्यावर सिनेमा निघाला. २०१५च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला.

तळपदे ही खरीखुरी व्यक्ती होती. जे. जे. कला शाळेशी त्यांचा संबंध होता, संस्कृत ग्रंथांचा त्यांना नाद होता आणि उडण्याचा ध्यासही होता. त्या काळातल्या एका मराठी माणसाने असं स्वप्न पाहावं, याचं मला कौतुक वाटतं. पण विमान उडाल्याचा त्याच काळातला, तपासून पाहता येईल असा पुरावा कुणी समोर ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचं यंत्र बारा सेकंद हवेत राहिलं. त्या बारा सेकंदांचा फोटो आहे, तार आहे, डायरीतली नोंद आहे. इतिहास अशा कागदांवर उभा राहतो.

इथे मी दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझी तागडी खोटी ठरेल. मुस्लिम वाचकांना अब्बास इब्न फिरनास यांचं नाव मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. नवव्या शतकात कॉर्डोबा शहरात पंख बांधून त्यांनी उड्डाण केलं म्हणतात. त्यांचा उल्लेख असलेली एका समकालीन कवीची ओळ सांगितली जाते, पण उड्डाणाची सविस्तर हकीकत आपल्याला मिळते ती सतराव्या शतकातल्या अल-मक्करी या इतिहासकाराकडून, म्हणजे जवळजवळ साडेसातशे वर्षांनंतर. इब्न फिरनास मोठे विद्वान होते, यात शंका नाही. पण तळपद्यांकडे पुरावा मागायचा आणि इब्न फिरनासांना तसंच सोडून द्यायचं, हे बरोबर नाही. दोघांनाही एकाच मापाने मोजलं पाहिजे.

मला या दंतकथांचा राग येत नाही. अडचण एवढीच की त्यांच्या गोंगाटात खरी गोष्ट ऐकू येत नाही. आणि महाराष्ट्राची खरी गोष्ट दंतकथेपेक्षा काही कमी रंजक नाही.

जुहूचा चिखल

ती गोष्ट १९२८ मध्ये मुंबईच्या जुहूला सुरू झालेल्या विमानतळापासून सांगता येते. विमानतळ म्हणजे काय, तर समुद्राकाठची सपाट जमीन. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्याच सुमारास आगा खान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने विमान चालवत जो भारतीय पहिल्यांदा पार करेल, त्याला पाचशे पौंड. मनमोहन सिंग, जेआरडी आणि अवघा सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर असे तिघे उतरले. जेआरडी भारतातून इंग्लंडकडे निघाले होते आणि अस्पी इंग्लंडहून इकडे येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता आणि त्याच्याजवळ जादा प्लग नव्हता. जेआरडींनी आपल्याजवळचा दिला. अस्पी जिंकला. एका ख्रिस्ती देशातून निघालेला पारशी मुलगा, मुस्लिम इमामाने लावलेलं बक्षीस, शीख स्पर्धक आणि प्रतिस्पर्ध्यानेच दिलेला प्लग : भारतीय विमानविद्येची सुरुवात ही अशी आहे. हाच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी एका छोट्या पुस मॉथ विमानातून कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधन घेऊन दुपारी जुहूला उतरले. सोबत टपालाच्या थैल्या होत्या. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढचं टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेलं. कंपनीचं जुहूतलं ठाणं म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी जवळजवळ अकरा टन टपाल वाहिलं आणि प्रवासी नेले फक्त १५५. म्हणजे विमान कंपनी हे टपालखात्याचं वेगवान घोडदळच होतं.

सोलापूरचा माणूस, बंगळूरचा कारखाना

विमानं चालवणं वेगळं, बनवणं वेगळं. भारतात विमानाचा पहिला कारखाना काढला तो वालचंद हिराचंद यांनी. जन्म सोलापूरचा. बोटी, साखर, मोटारी या सगळ्या उद्योगांत त्यांनी हात घातला होता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी अमेरिकेच्या विल्यम पॉली यांच्या मदतीने विमानाच्या कारखान्याची जुळवाजुळव केली. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पण कारखाना उभा राहिला बंगळूरला, कारण म्हैसूर संस्थान जमीन द्यायला आणि भागीदार व्हायला तयार होतं. १९४२ मध्ये सरकारने युद्धाच्या कारणाने कंपनीचा ताबा घेतला. आज ज्याला आपण एचएएल म्हणतो, त्याचं मूळ हे.

यातून घेण्यासारखा धडा आहे. उद्योजक कुठला, यावर कारखाना ठरत नाही. जमीन कोण देतं, पैसा कोण घालतं आणि राज्यकर्ता कोण आहे, यावर तो ठरतो. पुढे नाशिकला आणि नागपूरला हेच दिसलं.

युद्धाने विदर्भालाही विमानं दाखवली. बर्मेच्या आघाडीमुळे इंग्रजांना देशाच्या मध्यभागी, शत्रूच्या टप्प्याबाहेर धावपट्ट्या हव्या होत्या. गोंदियाजवळ बिरसी आणि अकोल्याजवळ शिवणी इथल्या धावपट्ट्या त्या काळातल्या. नागपूरचं सोनेगावही ब्रिटिश वायुसेनेने वापरलं. नेमक्या त्याच वर्षांत, १४ जुलै १९४२ रोजी, काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात बसून इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. एका जिल्ह्यात ‘चालते व्हा’चा ठराव आणि शेजारच्या जिल्ह्यांत धावपट्ट्या. पाच वर्षांनी इंग्रज गेले आणि धावपट्ट्या मागे राहिल्या. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र स्वतंत्र भारताच्या वाट्याला आला.

चार विमानं, एक मध्यरात्र

या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर दिलं ते रफी अहमद किडवई यांनी. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी भागातले हे काँग्रेसचे नेते स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री होते. टपाल आणि नागरी विमानवाहतूक अशी दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. अन्नमंत्री म्हणून त्यांचं नाव अजून थोडंफार घेतलं जातं. विमानाच्या इतिहासात मात्र त्यांना आपण जवळजवळ विसरलो आहोत.

किडवईंची कल्पना साधी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरं देशाच्या चार बाजूंना. नागपूर मधोमध. रात्री चारही शहरांतून एकेक विमान टपाल घेऊन निघेल आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरेल. तिथे चारही विमानांतल्या थैल्यांची अदलाबदल होईल. दिल्लीच्या विमानातल्या मद्रासच्या थैल्या मद्रासच्या विमानात, मुंबईच्या विमानातल्या कलकत्त्याच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात. मग प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत फिरेल आणि पहाटे पोचेल. दिवसभराचं कामकाज आटोपल्यावर पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला. चारही शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागले असते. नागपूरमुळे चारांत काम भागलं.

ही सेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होतं. सेवाग्रामहून देशभर पत्रांचा पाऊस पाडणारे गांधीजी आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी त्यांच्या आश्रमापासून पाऊणशे किलोमीटरवर पत्रांसाठी रात्रीची विमानं उतरू लागली. हा योगायोग असेल, पण वर्ध्याच्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे.

पुढचं पाऊल त्याहून मोठं होतं. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रं, विमानाने लवकर पोचणार असतील तर, जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. विमानाचं वेगळं तिकीट लावण्याची गरज उरली नाही. आपण एरवी विमानवाहतुकीचं यश किती लोक विमानात बसले यावरून मोजतो. पण ज्याने जन्मात विमान जवळून पाहिलं नाही, अशा माणसाचं साधं पत्र विमानातून गेलं, हे यश मला त्याहून मोठं वाटतं. हिंगणघाटच्या कापूस बाजारातल्या मुनिमाने लिहिलेलं पत्र असो, की आर्वीच्या आईने कलकत्त्यातल्या मुलाला लिहिलेलं, रेल्वेने नागपूरपर्यंत गेलं की पुढे त्याला पंख होते. ते पंख श्रीमंत-गरीब बघत नव्हते.

जेआरडी विरुद्ध किडवई

हे सगळं गोड-गोड झालं असं नाही. जेआरडी टाटांनी या योजनेला उघड विरोध केला आणि दोघांचा वाद वर्तमानपत्रांत गाजला. जेआरडींचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डाकोटा विमानांवर गरजेपेक्षा जास्त कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि सरकारने परवाने वाटताना हात आखडला नव्हता. बहुतेक कंपन्या तोट्यात होत्या. रात्री उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी अपुऱ्या होत्या. अशा वेळी नवा खर्चिक उद्योग कशाला, असा त्यांचा सवाल होता. जुन्या कंपन्या तयार होईनात, तेव्हा काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे गेलं. काही महिन्यांतच तिचा दम संपला आणि सेवा बंद पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ती पुन्हा सुरू केली.

विमान कंपन्यांची अवस्था तपासायला १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कंपन्या जास्त झाल्या आहेत, हे समितीने मान्य केलं, पण लगेच राष्ट्रीयीकरण करू नये असं सुचवलं. तरी १९५३ मध्ये कायदा झाला. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल. रात्रीचं टपाल आता सरकारी विमानांतून जाऊ लागलं.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला सोनेगावहून उड्डाण करताच एक डाकोटा कोसळलं. तेरा जणांचा जीव गेला, वैमानिक तेवढा वाचला. रात्रीच्या उड्डाणाबद्दल जेआरडींना वाटणारी काळजी किती खरी होती, हे त्या रात्री नागपूरने पाहिलं. तरीही सेवा चालू राहिली आणि पुढची जवळजवळ दोन दशकं नागपूरच्या मध्यरात्री जाग्या राहिल्या.

दोघांपैकी बरोबर कोण होतं? माझ्या मते हिशेबात जेआरडी बरोबर होते आणि हेतूत किडवई. कंपनी चालवणारा विचारतो, हे परवडेल का? राज्य चालवणारा विचारतो, हे कुणाला मिळेल? देशाला दोन्ही प्रश्न विचारणारी माणसं लागतात. मला खंत आहे ती याची, की नंतरच्या काळात पहिलाच प्रश्न उरला आणि दुसरा विचारणारं कुणी राहिलं नाही.

आणखी एक चित्र मला इथे दिसतं. १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले. तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी बोलावलं म्हणून ते पवनारहून दिल्लीलाही पायीच गेले. म्हणजे वर आकाशात एका रात्रीत देश ओलांडणारी पत्रं आणि खाली त्याच मुलखात पावलांनी देश मोजणारा माणूस. वरवर पाहता दोन उलट टोकं. पण दोन्हींचा पत्ता एकच होता, शेवटच्या माणसाचं घर.

नाशिक : जमिनीवर उतरलेला उद्योग

महाराष्ट्रात विमानाचा खरा कारखाना आला तो चीनच्या युद्धानंतर. १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाशी मिग-२१चा करार झाला. तेव्हा वायुसेनेचे प्रमुख होते तेच अस्पी इंजिनियर. वर्षाअखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून गेले. मिगचं काम नाशिक, कोरापुट आणि हैदराबाद असं वाटलं गेलं. विमानाचा सांगाडा आणि जुळणी नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. वालचंदांच्या वेळी बंगळूरला गेलेली गोष्ट अर्ध्या वाटेने का होईना, महाराष्ट्रात आली.

ओझरमधून मिग-२१ निघाली, मिग-२७ निघाली, नंतर सुखोई-३० निघाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे जुळवलेल्या तेजस मार्क १ए विमानाने पहिलं उड्डाण केलं. त्याच्या तीनच आठवडे आधी मिग-२१ वायुसेनेतून निवृत्त झालं होतं. साठ वर्षांत त्या कारखान्याने द्राक्षाच्या शेतीभोवती फिटर, टर्नर, वेल्डर आणि तपासनीसांच्या पिढ्या तयार केल्या. नाशिकच्या इंजिनिअरिंग उद्योगाला मिळालेलं हे बळ विमानतळाच्या उद्घाटनातून आलेलं नाही. हातांना काम आणि कामाला शिस्त मिळाली, त्यातून ते आलं.

या काळातली आणखी दोन माणसं सांगायला हवीत. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ मूळचे हैदराबादचे. फाळणीच्या वेळी त्यांनी भारतीय वायुसेनाच निवडली. १९७८ ते १९८१ ते वायुसेनाप्रमुख होते आणि १९८२ पासून तीन वर्षं महाराष्ट्राचे राज्यपाल. मुसलमानांच्या देशनिष्ठेवर चर्चा रंगतात, तेव्हा हे नाव कुणाला आठवत नाही. आणि दुसऱ्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फक्त महिला कर्मचारी असलेल्या पहिल्या उड्डाणाचं नेतृत्व या मराठी बाईंनी केलं. चौपाटीवरचं न पाहिलेलं विमान शाळेतल्या मुलांना माहीत असतं, सौदामिनी देशमुख माहीत नसतात.

परवाने, पट्टे आणि पाट्या

१९९१ नंतर आकाश पुन्हा खासगी कंपन्यांना खुलं झालं. १९९२ मध्ये मुंबईहून ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स सुरू झाली. केरळमधून आलेल्या वाहिद बंधूंची ही कंपनी. १९९५ मध्ये तिचे प्रमुख तकीउद्दीन वाहिद यांची मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढे कंपनीही बुडाली. दमानिया आली आणि गेली. जेट एअरवेज पंचवीस वर्षं चालून २०१९ मध्ये बंद पडली. जेआरडींनी १९४९ मध्ये दिलेला इशारा, की परवाने वाटणं सोपं आणि कंपनी टिकवणं अवघड, पन्नास वर्षांनीही खरा ठरत होता.

लहान शहरांची कथा याहून उदास आहे. २००९ मध्ये राज्य सरकारने यवतमाळ, नांदेड, लातूर, उस्मानाबाद आणि बारामती हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले. पुढे ते परत घेण्याची वेळ आली. आमच्या शेजारच्या यवतमाळला धावपट्टी आहे आणि विमानाची वाट बघणंही आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याला १९९२ मध्ये झालेल्या धावपट्टीवर मुंबईचं पहिलं नियमित विमान उतरलं ते १६ एप्रिल २०२५ रोजी. तेहतीस वर्षांनी. तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. गोंदियाच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर तर वैमानिक घडवणारी संस्था कित्येक वर्षं चालू आहे.

आणि नागपूर? टपालाची मध्यरात्र संपली तेव्हा मधोमध असण्याचं नशीबही झोपी गेलं होतं. ते जागं करायला मिहान प्रकल्प आला. शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव अशा गावांच्या जमिनी गेल्या. मोबदला आणि पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षं चालले. विमानतळाच्या खासगीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मात्र तिथे काही खरं कामही उभं राहिलं, हे नाकारता येणार नाही. बोइंगने बांधलेलं विमानदुरुस्तीचं केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. टाटांच्या कारखान्यात बोइंग ड्रीमलायनरच्या फरशीखाली बसणाऱ्या तुळया बनल्या. डसॉल्ट आणि रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन विमानाचे भाग बनतात आणि अख्खं फाल्कन २००० नागपूरला जुळवण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे. नागपूरच्या आयटीआयमध्ये डसॉल्टच्या मदतीने विमानाच्या सांगाड्यावर काम करणारे फिटर तयार होऊ लागले. यातली शेवटची बातमी सगळ्यात लहान छापली गेली होती. मला ती सगळ्यात मोठी वाटते.

मधोमध असण्याची किंमत

आमच्या भागातल्या जुन्या हाजींचा प्रवास वर्ध्याच्या स्टेशनवर सुरू व्हायचा. मुंबई मेल, मग मुसाफिरखाना, मग जेद्दाची बोट. बोटीचा तो प्रवास १९९५ मध्ये बंद झाला आणि हजयात्रा पूर्णपणे विमानाची झाली. पुढे नागपूरहूनही विमानं जाऊ लागली. घराजवळून जाता येतं म्हणून लोक खूश झाले. पण २०२३ मध्ये नागपूर आणि औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) जाणाऱ्यांना मुंबईहून जाणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त पैसे भरावे लागले. मग कितीतरी कुटुंबांनी पुन्हा मुंबईचाच रस्ता धरला. म्हातारी माणसं रात्रभर रेल्वेत आणि मग विमानात. हा प्रश्न हाजींपुरता नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यातून मुंबईला न्यायचा रुग्ण असो, की दिल्लीला मुलाखतीला निघालेला मुलगा, नागपूरच्या तिकिटाचे भाव बघून तो स्टेशनकडेच वळतो.

१९४९ मध्ये नागपूर देशाच्या मध्यभागी होतं म्हणून सगळ्यांचं टपाल जलद झालं. आजही ते मध्यभागीच आहे. नकाशा बदललेला नाही, हिशेब बदलला आहे. तेव्हा मधोमध असणं ही सार्वजनिक सोय होती, आज ती जाहिरातीतली ओळ झाली आहे.

म्हणून वर्ध्यालाही विमानतळ द्या, अशी मागणी मी करणार नाही. प्रत्येक जिल्ह्याला धावपट्टी हवी, या हट्टातून महाराष्ट्रभर गवत उगवलेल्या धावपट्ट्या तयार झाल्या. आम्हाला हव्यात त्या गोष्टी जमिनीवरच्या आहेत. मिहानमधल्या कामाचे फिटर आणि तंत्रज्ञ आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या आयटीआयमधूनही घ्यावेत. ज्यांच्या शेतावर धावपट्टी आली त्यांच्या नातवंडांना त्या भिंतीच्या आत हक्काचं काम मिळावं. हाताने काम करत शिकावं, हा विचार तर १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला होता आणि त्याचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने केला होता. सूतकताईच्या जागी विमानाचा रिव्हेट आला, एवढाच फरक. विचार तोच आहे.

विमानाचा इतिहास सांगताना आपण नेहमी उडणाऱ्यांचा सांगतो. पण जुहूच्या शेडमध्ये इंजिन पुसणारे, सोनेगावला मध्यरात्री थैल्या फेकणारे, ओझरला पत्रा ठोकणारे आणि शिवणगावला सातबारा हातात घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणारे, हेही त्याच इतिहासाचे लोक आहेत. त्यांची नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीला अभिमानासाठी चौपाटीवरच्या न पाहिलेल्या विमानाची गरज पडणार नाही.